काका, त्या एका शेऱ्यासाठी

आदरणीय काका,

त्या रविवारी तुमच्या दारातून निघताना नीट दोन शब्दही बोलता आले नाहीत. काकू डबा हातात देत होत्या, तुम्ही जोडे शोधून देत होतात आणि माझा गळा दाटून आला होता. महिना उलटला तरी मनातून जात नाही, म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही.

माझे बाबा तालुक्याच्या कोर्टात कारकून होते, त्यातली बरीच वर्षं नकला विभागात. लोकांना न्यायाधीश आठवतात, वकील आठवतात. ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून खाली सही करणारा माणूस कुणाला आठवत नाही. बाबा गेले आणि इथे मॅसॅच्युसेट्समध्ये बसून मला कोर्टातल्या कारकुनांबद्दल काही तरी लिहावंसं वाटू लागलं. घरापासून तासाभरावर सेलम. १६९२ सालच्या चेटकिणींच्या खटल्यांचं गाव. १९ जणांना फाशी, जाइल्स कोरीला दगडांखाली चिरडून मारलेलं. त्या खास न्यायालयाचा कारकून होता स्टीफन सेवॉल. १६५७ साली इंग्लंडात जन्मलेला, लहानपणीच आईबरोबर बोटीनं येऊन न्यूबरीच्या वसाहतीत वाढलेला.

त्याच्याबद्दल विचारायला गेले तर एका ठिकाणी मला सांगितलं, “कारकुनाचं काय एवढं?” दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी विचारलं, “तुमचे पूर्वज इथले होते का?” नाही म्हटल्यावर त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. तिसऱ्यांनी तीन महिने ईमेलचं उत्तरच दिलं नाही. खरं सांगते काका, राग आला होता, अजूनही आहे. माहिती नसणं मी समजू शकते. पण विचारणाऱ्या माणसाला खुर्चीसुद्धा न देणं मला समजत नाही.

आणि मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत, मी कुणाला तरी हे सांगत असताना मागून तुम्ही म्हणालात, “सेवॉल ना? ये रविवारी. ते अक्षर मी शिकवतो.”

तुम्ही रिबेका नर्सच्या खटल्याचे कागद मोठे छापून ठेवले होते. एकाहत्तर वर्षांची म्हातारी, ३९ शेजाऱ्यांनी तिच्या चांगुलपणाची ग्वाही सहीनिशी दिलेली. पंचांनी आधी निर्दोष ठरवलं, मग त्यांना पुन्हा विचार करायला पाठवलं, आणि १९ जुलैला तिला फाशी झाली. तुम्ही मला वाचून दाखवलं नाहीत. ‘वाय’च्या डोक्यावर बारीक ‘ई’ दिसला तर तो ‘द’ वाचायचा, लांब ‘एस’ला ‘एफ’ समजायचं नाही, वर्ष २५ मार्चला सुरू होतं म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांना दोन-दोन साल, एवढं सांगितलंत आणि पोस्टकार्ड ओळीखाली धरून गप्प बसलात. मोडी शिकणाऱ्याला शिकवतात तसं.

पाऊण तासानं मी त्या शेऱ्यापाशी पोचले. सेवॉल लिहितो की या खटल्यात निकालाशिवाय वीस कागद आहेत. पण या आणि अशा इतर खटल्यांत पुष्कळ साक्षी तोंडीच झाल्या, त्या लिहून घेतल्या गेल्या नाहीत, म्हणून त्यांच्या नकला मी देऊ शकत नाही. काही आरोपींच्या बाजूच्या, काही विरुद्ध. तिथे तुम्ही बोट ठेवलंत. “बघ, ‘बाजूच्या’ आधी लिहिलंय.”

हा शेरा मारायची गरज काय होती त्याला? वीस कागद आहेत, एवढं लिहून सही करता आली असती. नकलेत काय नाही हे नकलेवरच नोंदवून ठेवणारा कारकून मी घरी पाहिला आहे. फाटलेलं पान, पुसलेला आकडा, बाबा समासात लिहून ठेवत. मी सेवॉलला निर्दोष म्हणत नाही. ते न्यायालय त्याच्या दप्तरावरच चाललं, आणि बोस्टनचा धर्मोपदेशक कॉटन मॅदर यानं आपल्या पुस्तकासाठी खटल्यांची हकीकत मागितली तीही त्याच्याचकडे. पण ज्या मुलींच्या आरोपांतून हे खटले उभे राहिले, त्यांतल्या नऊ वर्षांच्या बेटी पॅरिसला त्या गावातल्या कल्लोळातून काढलं तेव्हा ठेवलं त्याच्या घरी. आणि १७११ साली भरपाईचे ५७८ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले, तेव्हा मेलेल्यांच्या घरच्यांनी आपल्या वतीनं पैसे घ्यायला कुणाला नेमलं, तर ह्याच माणसाला. न्यायालयानं ज्यांचं माणूस मारलं, त्यांनी त्याच न्यायालयाच्या कारकुनावर पैशाचा विश्वास टाकला. असा विश्वास पदामुळे मिळत नाही. समोरच्याशी इतकी वर्षं कसं वागलात, दारात आलेल्याला बसा म्हणालात की नाही, यावरच तो मिळत असणार.

पण काका, मी हे पत्र लिहितेय ते या माहितीसाठी नाही.

शेऱ्याच्या शेवटी साक्षांकनाचा शब्द आणि खाली ‘स्टेफ. सेवॉल’ अशी तोडकी सही होती. मी ती वाचली. तुम्ही चष्मा काढलात, कोरा कागद माझ्यापुढे सरकवलात, खिशातलं तुमचं पेन दिलंत आणि विचारलंत, “तुझे बाबा सही कशी करायचे?”

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. भेटायला आलेल्या प्रत्येकानं आजार काय होता ते विचारलं, पेन्शनचं विचारलं, घराचं काय करणार ते विचारलं. हे कुणी विचारलं नव्हतं.

मी केली सही. आद्याक्षर, मग आडवी लांब रेघ, शेवटी खाली वळवलेली, तिच्या पोटात दोन टिंबं. हात थरथरला तरी जमली. तुम्ही ती बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, “घाईत केलेली नाही.”

निघताना तो कागद तुमच्या टेबलावर राहिला, सेवॉलच्या शेऱ्याशेजारी. काकू फोनवर म्हणाल्या, पाठवून देऊ का. नको. तुमच्याकडेच असू द्या.

तुमची,
नकला विभागातल्या कारकुनाची मुलगी