बारशाला सभागृह मिळते, बाळाला जागा मिळत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीची लग्ने लागली की मंगल कार्यालयांची माहितीपत्रके घरोघरी फिरू लागतात. एका पंगतीला किती पाने बसतील, वाहनतळावर किती गाड्या मावतील, वीज गेल्यास जनरेटरची सोय आहे का, वधूपक्षाच्या व वरपक्षाच्या खोल्या वातानुकूलित आहेत की नाहीत, हे सारे त्यांत तपशिलाने छापलेले असते. तान्ह्या बाळाचे बाळोते किंवा डायपर बदलण्यासाठी जागा कोठे आहे, याचा उल्लेख मात्र माझ्या हाती आलेल्या एकाही माहितीपत्रकात मला आढळलेला नाही. हीच कार्यालये बारशासाठी, उष्टावणासाठी आणि पहिल्या वाढदिवसासाठी अर्ध्या दिवसाच्या भाड्याने दिली जातात, म्हणजे ज्याच्यासाठी पाळणा सजवला जातो त्या उत्सवमूर्तीचीच तेथे सोय नसते. जी जागा कुटुंबांना बोलावून उत्पन्न मिळवते, तिने ही सोय दिलीच पाहिजे आणि ती स्त्री-पुरुष दोघांनाही वापरता येईल अशीच असली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

पहिल्या काही महिन्यांत बाळाला दिवसातून आठ-दहा वेळा कोरडे करावे लागते, हे ज्याने मूल सांभाळले आहे त्याला सांगावे लागत नाही. पोटात दूध गेले की लगेच शी होणे हीही त्या वयातली नेहमीचीच गोष्ट आहे, त्यामुळे ‘घरूनच बदलून आणा’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो. सकाळच्या विधींपासून दुपारच्या पंगतीपर्यंत कार्यालयात थांबलेल्या आईवडिलांवर ही वेळ तीन-चारदा येते. वधूपक्षाच्या खोलीत दागिन्यांचे डबे, साड्यांच्या घड्या आणि रुखवताचे सामान पसरलेले असते, तेथे लांबच्या नात्यातल्या माणसाने बाळाला घेऊन शिरणे कोणालाच रुचत नाही. स्वच्छतागृहाची फरशी ओली असते. मग भोजनगृहाच्या कोपऱ्यात दोन खुर्च्या जोडल्या जातात आणि त्यांवर दुपटे अंथरून काम उरकले जाते. थोड्या वेळाने त्याच खुर्च्या पंगतीला लागतात. बाळाच्या शीतून रोटाव्हायरससारखे जुलाबाचे विषाणू पसरतात, हे लक्षात घेतले तर हा प्रश्न एकट्या आईवडिलांच्या गैरसोयीचा राहत नाही, त्या खुर्चीवर बसून जेवणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा होतो.

‘आमच्या वेळी कोठे होते हे सारे?’ असे माझ्याच पिढीतील लोक विचारतात. आमच्या वेळी पुष्कळशी कार्ये घरच्या अंगणातल्या मांडवात होत असत. मांडवामागे स्वतःचे घर असे, घरात माजघर असे, शेजारच्या दोन-चार घरांची दारे उघडी असत आणि बाळोती धुवायला परसदारी पाणी असे. तेव्हाची सोय न बांधताच उपलब्ध होती, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. आजच्या कार्यालयात माजघरही नाही आणि शेजारही नाही. शिवाय चार तासांसाठी शंभर किलोमीटरवरून येऊन त्याच दिवशी परत जाणारी कुटुंबे आता नेहमीची झाली आहेत, त्यांना मुक्कामाची खोलीही मिळत नाही.

ही सोय म्हणजे नेमके काय, याचा विचार आपल्या सवयी लक्षात घेऊन व्हायला हवा. काही मॉलमध्ये आणि विमानतळांवर भिंतीला बिजागरीने जोडलेली प्लास्टिकची घडीची फळी असते. ती मुळात ओल्या टिश्यूने पुसून काम भागवणाऱ्यांच्या सोयीची आहे. आपल्याकडे बाळाला धुतले जाते. फळी एका भिंतीला आणि नळ समोरच्या भिंतीला असेल, तर एकट्या माणसाने करायचे काय? बाळावरचा हात एक क्षणही काढायचा नसतो, कारण पालथे पडायला शिकलेले मूल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच कडेला येते. म्हणून कट्टा आणि नळ हाताच्या अंतरावर हवेत, आणि थंडीच्या दिवसांत त्या नळाला कोमट पाणी असावे. कट्टा कंबरेइतका उंच हवा, कारण शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या आईला वाकवत नाही आणि गुडघे धरलेल्या आजीला खाली बसवत नाही. त्याला तिन्ही बाजूंनी चार बोटे उंच कठडा असावा आणि वर पुसता येणारी रेक्झिनची गादी असावी. पंख्याचा झोत थेट कट्ट्यावर येऊ नये, पिशवी अडकवायला खुंटी असावी, हात धुवायला साबण असावा, आणि पायाने उघडणारी झाकणाची कचराकुंडी असावी. वापरलेले डायपर गुंडाळून, सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावेत, असे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच सांगितले होते. कुंडीच नसल्यामुळे ते संडासाच्या भांड्यात कोंबले जातात आणि ऐन मुहूर्तावर सारे स्वच्छतागृह तुंबते, हे कार्यालयांच्या व्यवस्थापकांनीच मला सांगितले आहे. सहा फूट लांब आणि सहा फूट रुंद खोलीत हे सारे बसते. एका लग्नाच्या भाड्याशी तुलना केली तर त्याचा खर्च किरकोळ आहे, आणि बहुतेक कार्यालयांत मोडक्या खुर्च्या व जुने पडदे कोंबलेली एखादी तेवढी खोली रिकामी करण्याजोगी असतेच.

आता पुरुषांविषयी. आपल्याकडे जेथे अशी सोय झाली आहे तेथे ती बहुधा स्त्रियांच्या स्वच्छतागृहात आहे, किंवा हिरकणी कक्षाच्या नावाखाली आहे. हिरकणी कक्षाची कल्पना मला मनापासून आवडते. घरी तान्हे मूल आहे म्हणून रायगडाचा कडा रात्री उतरून गेलेल्या गवळणीचे नाव एसटी स्थानकांतल्या स्तनपानाच्या खोलीला देणे, यात औचित्य आहे. परंतु तो कक्ष दूध पाजण्यासाठी आहे आणि तेथे पुरुषाने जाऊ नये हेही योग्यच आहे. दूध पाजणे बापाला किंवा आजोबाला शक्य नाही, बाळोते बदलणे मात्र पूर्णपणे शक्य आहे. गेल्या वर्षी एका कार्यालयात सूनबाई ओटीच्या कार्यक्रमात अडकल्या असताना नातवाला बदलण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तेथील सेवकाने मला अत्यंत अदबीने सांगितले, “काका, ते बायकांच्या बाजूला आहे, तुम्ही कोणाला तरी आत पाठवा.” त्या सेवकाची काही चूक नव्हती. तरुण बापांनी मुलाचे सारे करावे असे आपण व्यासपीठावरून सांगतो आणि ते करायला लागणारी फळी मात्र त्यांना जाता येणार नाही अशा दाराआड बसवतो. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत जाऊन आलेल्या अनेक आजोबांनी तेथील पुरुषांच्या स्वच्छतागृहातही अशी फळी पाहिली असेल. तेथे 2016 मध्ये संघराज्य सरकारच्या लोकांसाठी खुल्या इमारतींपुरता तसा कायदाच झाला, आणि न्यूयॉर्क राज्यात नव्या किंवा नूतनीकरण झालेल्या सार्वजनिक वापराच्या जागांसाठी 2019 पासून तशी अट आहे. आपल्याला दोन स्वच्छतागृहांत दोन फळ्या बसवण्याचीही गरज नाही. सामाईक मार्गिकेवर दार असलेली एकच खोली पुरेशी आहे. फक्त ती दिव्यांगांच्या स्वच्छतागृहात घुसडू नये. ते आधीच झाडू आणि बादल्यांनी भरलेले असते.

कायद्याची बाजू अगदीच कोरी नाही. मातृस्पर्श या उपक्रमाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या पीठाने फेब्रुवारी 2025 मध्ये निकाल देताना सार्वजनिक ठिकाणी स्तनपान कक्ष आणि शिशुसंगोपनाच्या खोल्या असाव्यात, असलेल्या इमारतींत शक्य तेथे त्या कराव्यात आणि नव्या इमारतींच्या नियोजनातच त्यांसाठी जागा राखावी, अशी भूमिका घेतली. तत्पूर्वी फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारनेही राज्यांना तशी सूचना केली होती. या साऱ्याचा रोख मुख्यतः शासकीय व सार्वजनिक इमारतींकडे आहे. खाजगी मंगल कार्यालये आणि उपाहारगृहे आपोआप त्यात येतील असे मानून चालणार नाही. मात्र मोठ्या सभागृहाला बांधकाम परवानगी देताना महापालिका वाहनतळाची आणि अग्निसुरक्षेची पूर्तता पाहतेच. मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागाला लागू असलेल्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत सभागृहांसाठी या खोलीची स्पष्ट अट घातली, तर निदान नवी बांधकामे तरी सुधारतील. जुन्यांना दोन-तीन वर्षांची मुदत द्यावी.

उपाहारगृहांच्या बाबतीत मी थोडा हात राखून बोलेन. महामार्गावर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ अशी ठळक पाटी लावणाऱ्या, शंभरेक माणसे बसवणाऱ्या आणि मुलांसाठी घसरगुंडीही उभारणाऱ्या हॉटेलाला ही सक्ती योग्य आहे. पाच टेबलांच्या खानावळीवर किंवा बाजारपेठेतल्या मिसळीच्या दुकानावर ती लादणे अन्यायाचे होईल, तेथे मालकाने अडल्या माणसाला आतली खोली दाखवली तरी पुरे. नाट्यगृहांची गोष्ट त्याहून सोपी आहे. मूल रडू लागल्यास त्याला बाहेर घेऊन जावे, ही प्रयोगापूर्वीची सूचना आपण सारे ऐकत आलो आहोत आणि ती रास्तही आहे. बाहेर नेल्यावर ते मूल ठेवायचे कोठे, याचा विचार महापालिकेच्या मालकीच्या नाट्यगृहांनी कोणत्याही कायद्याची वाट न पाहता करायला हरकत नसावी.

कार्यालयमालकांचे दोन आक्षेप मी ऐकले आहेत. मूल पडले तर जबाबदारी कोणाची, हा पहिला. कठडा असलेला पक्का कट्टा आणि ‘बाळाला एकटे सोडू नये’ अशी पाटी, एवढे असताना धोका जोडलेल्या खुर्च्यांपेक्षा कमीच राहील. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, तो म्हणजे देखभालीचा. डिसेंबर 2022 मध्ये आमदार सरोज अहिरे आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या, तेव्हा त्यांचे सर्वत्र कौतुक झाले. पुढच्याच मुंबईतील अधिवेशनात तेथील हिरकणी कक्षातील धूळ आणि गैरसोय पाहून त्यांना जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. विधान भवनात असे होत असेल, तर तालुक्याच्या गावातल्या कार्यालयात काय होईल, ही शंका वाजवीच आहे. नुसती खोली काढून तिला कुलूप घालायचे आणि किल्ली व्यवस्थापकाच्या खिशात ठेवायची, हा आपल्याकडचा हमखास शेवट. म्हणून या खोलीची स्वच्छता प्रत्येक कार्यापूर्वी भोजनगृहाच्या स्वच्छतेबरोबरच व्हावी, ती भाड्याच्या करारात लिहिलेली असावी आणि खोलीला बाहेरून कुलूप नसावे.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर कार्यालय ठरवायला जाणाऱ्यांच्या हातीही काही आहे. जनरेटर, उद्वाहन आणि गाळलेले पिण्याचे पाणी या गोष्टी कोणत्याही सरकारी आदेशावाचून बहुतेक कार्यालयांत आल्या, कारण गिऱ्हाईक इसाऱ्याची रक्कम देण्यापूर्वी त्यांविषयी विचारू लागले. या हंगामात तारीख पक्की करताना वधूपक्ष आणि वरपक्ष दोघांनीही ‘बाळाला बदलायची खोली कोठे आहे?’ असे विचारावे आणि ती प्रत्यक्ष उघडून पाहावी, अशी माझी आपल्या वाचकांना विनंती आहे. आपणही कार्यालयमालकांच्या स्थानिक संघटनांची बाजू या स्तंभात छापावी, म्हणजे त्यांच्या खऱ्या अडचणी काय आहेत ते कळेल.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली