स्टार्टरच्या बोर्डावर क्रिस्टलचा आकडा छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दारव्हा तालुक्यात माझं मोटार-स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत लाइन रात्री येते. अंधारात वावरात जाणं वाचतं, म्हणून फोनवरून मोटार सुरू करणारे मोबाईल स्टार्टर लोक उसनवारी करूनही घेतात.

गेल्या महिन्यात एका शेतकऱ्याने असाच स्टार्टर आणला. बाहेरून दुरुस्त करून आणल्यावर तो मेसेजला दादच देईना, आणि तिथे त्याला सांगितलं, बोर्ड गेलं, नवीन घ्या. बोर्ड शाबूत होतं. कंट्रोलर म्हणजे हुकूम देणारी चिप, आणि क्रिस्टल म्हणजे तिला घड्याळासारखे ठोके देणारा छोटा भाग. कंट्रोलरजवळच्या ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या जागी १२ चा लावला होता, एवढंच.

एवढ्याशा फरकाने काय होतं? या बोर्डात ८०५१ जातीचा कंट्रोलर आणि मेसेज घेणारं सिमचं मॉड्यूल आहे. दोघांत एक तार पाठवण्याची, एक ऐकण्याची, एक ग्राउंडची. वेळ सांगणारी तार नाहीच. ज्याने त्याने आपल्या घड्याळाने चालायचं. तार रिकामी असते तेव्हा व्होल्टेज वर असतं. अक्षर जातं ते बिटांनी, म्हणजे ० किंवा १ च्या एकेका खुणेने. अक्षर पाठवताना व्होल्टेज आधी एका बिटापुरतं खाली येतं. तो स्टार्ट बिट. तो दिसला की ऐकणारा मोजायला लागतो आणि पुढचे आठ बिट, सर्वांत कमी किमतीचा आधी, प्रत्येकाच्या मध्यावर वाचतो. शेवटी स्टॉप बिट, तार पुन्हा वर. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, एक बिट म्हणजे सुमारे १०४ मायक्रोसेकंद.

सरकी टोबताना दोन बाया पावलं मोजत निघाल्या आणि एकीचं पाऊल जरा लांब असलं, तर चार-पाच पावलांत कळत नाही, ओळ संपताना कळतं. इथेही तसंच. ८०५१ मध्ये क्रिस्टलला आधी १२ ने, मग ३२ ने भाग जातो. ११.०५९२ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १,१०,५९,२०० ठोके; त्यांचे उरतात २८,८००. चिपमधल्या टायमरने ३ ने भागले की बरोबर ९६००. १२ चे उरतात ३१,२५०, आणि ३ ने भागून साधारण १०,४१७. साडेआठ टक्के जास्त. स्टॉप बिटपर्यंत मध्य हुकायचा नसेल तर दोघांच्या वेगात पाच टक्क्यांच्या आतच फरक चालतो. त्यामुळे पहिले पाच बिट नीट वाचले जातात. सहाव्याच्या जागी सातवा वाचला जातो, आणि अक्षर बिघडतं. कंट्रोलर हुकूम देतो, मॉड्यूलला तो कळत नाही. वेगळे दोष शोधायला गेलो असतो तर आठवडा गेला असता. मीटरने तारा तपासून सगळं ठीकच दिसतं.

क्रिस्टल काही रुपयांचा, नवा बोर्ड काही हजारांचा. म्हणून स्टार्टर बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: बोर्डावर क्रिस्टलचा आकडा आणि बॉड रेट ठळक छापा, आणि जोडणीचा कागद मराठीत द्या. आयटीआयमधल्या शिक्षकांनीही मुलांच्या हातात असा बिघडलेला बोर्ड एकदा द्यावा, चुकीच्या क्रिस्टलसकट. पुस्तकातला ९६०० त्यांना पाठ आहे, तो कुठल्या भागाकारातून आला हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना सांगता येत नाही.

त्या शेतकऱ्याचा स्टार्टर त्याच संध्याकाळी चालू झाला. हरभऱ्याचं पाणी दोन दिवस लांबलं होतं.

आपला,
एक स्टार्टर कारागीर
ता. दारव्हा, जि. यवतमाळ