वेळ अकराची, बोलावणे पावणेदोनला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आईला मधुमेहाच्या तपासणीसाठी एका खासगी दवाखान्यात नेले, तेव्हा फोनवर मिळालेली अकराची वेळ आणखी नऊ जणांनाही दिलेली आहे, हे तिथल्या बाकावर बसल्यावर कळले. पावणेदोनला बोलावणे आले आणि चार मिनिटांत आम्ही बाहेर! आई सकाळपासून उपाशी होती. वास्तविक, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या ‘एचबीएवनसी’ चाचणीसाठी उपाशी राहावे लागत नाही, एवढे नोंदणीच्या वेळी सांगितले असते तरी पुरे होते.

मात्र दोष आमचाही होता. जुने केसपेपर घरीच राहिले, गोळ्यांची नावे आठवेनात आणि रात्री तळपायांची आग होते, ही मुख्य तक्रार आईने दार उघडून बाहेर पडताना सांगितली. (डॉक्टरांनी परत बसवून पाय तपासले, हे त्यांचे मोठेपण.) आता आम्ही गोळ्यांची रिकामी पाकिटे, साखरेच्या नोंदींची वही आणि तीन प्रश्नांची चिठ्ठी एकाच पिशवीत ठेवतो, आणि चिठ्ठीतला पहिला प्रश्न बसल्याबसल्या विचारतो.

अनेक सरकारी रुग्णालयांत ‘आभा’ या केंद्र सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचा चौदा अंकी क्रमांक असलेल्याला क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरच्या रांगेसाठी टोकन घेता येते. खासगी दवाखान्यांनी निदान कितवा नंबर चालू आहे, एवढे फोनवर खरे सांगावे आणि एका वेळेला एकच रुग्ण बोलवावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा