रोज तूप खाऊनही?

प्रिय सोनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "फेनिलॲलनिन तर प्रथिनांतला घटक, मग तो वाढला की मेंदूतली चरबी का बिघडते? तूप तर मी रोज खाते." उत्तर नीट द्यायचं होतं, म्हणून लिहितेय.

रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. मेंदू स्वतःपुरतं स्वतःच बनवतो आणि त्यातलं बहुतेक मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणात जातं. तुला जन्मापासून पीकेयू आहे, म्हणजे तुझ्या यकृतात फेनिलॲलनिनचं टायरोसिन होत नाही, ते साठत जातं. पीकेयू असलेल्या उंदरांच्या मेंदूत कोलेस्टेरॉल बनवणारं मुख्य एन्झाइम मंदावलेलं आढळलं, आजोबांची स्टॅटिनची गोळी अडवते तेच. शिवाय टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन यांना मेंदूत नेणारा वाहकही फेनिलॲलनिनच अडवून बसतं. मग प्रथिनंही पुरेशी बनत नाहीत आणि आवरण अपुरं राहतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत ते सर्वांत झपाट्याने चढतं. तुझं निदान लवकर झालं, त्या काळात फेनिलॲलनिन नसलेली प्रथिनांची पावडर सुरू होती, याचं मोल मला रोज कळतं.

बोर्गनी एगेलँडच्या मुलांना असं लवकर निदान मिळालं नाही. नॉर्वेतली ही आई मुलांच्या लघवीला विचित्र वास येतो म्हणून डॉक्टरांमागे डॉक्टर फिरली. 1934 मध्ये डॉ. फोलिंग यांनी ती लघवी तपासली, फेरिक क्लोराइडने ती हिरवी झाली आणि आजार सापडला. तिच्या मुलांना, लिव आणि डागला, मात्र उपयोग झाला नाही. पुढे बर्मिंगहॅममध्ये पीकेयू असलेल्या शीला नावाच्या मुलीची आई रोज सकाळी डॉ. बिकेल यांच्या प्रयोगशाळेबाहेर उभी राहायची, उपचार शोधा म्हणून. तिच्या त्या हट्टातून आलेल्या आहारावर तू वाढलीस. या दोघींना मी फार मानते.

आवरणाचं काम विशीतही चालूच असतं. आहार सुटला तर एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात फरक दिसतात. पुन्हा सांभाळला तर बरेचसे मागे फिरतात. म्हणून हॉस्टेलवर पावडर चुकवू नकोस. डाएट कोल्ड्रिंक नको, त्यात ॲस्पार्टेम असतं, त्यातूनही फेनिलॲलनिन मिळतं. साबुदाण्याची खिचडी चालेल, दाण्याच्या कुटाशिवाय. तूप हवं तेवढं घाल!

आणखी एक, आता तू मोठी आहेस म्हणून. कधी मूल हवंसं वाटलं तर आधीपासूनच फेनिलॲलनिनची पातळी खाली आणावी लागेल. नाळेतून ते बाळाकडे आणखी वाढून जातं आणि त्याच्या मेंदूला, हृदयाला इजा करतं, बाळाला स्वतःला पीकेयू नसला तरी.

या महिन्याचं रक्ताच्या थेंबांचं तपासणीचं कार्ड अजून लॅबला पोचलं नाही. उद्या पाठव.

तुझी,
आई