त्या एका ओळीला जोड हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या निर्वासितांवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण मेनोनाइट लोकांच्या वाट्याला त्यात एकच ओळ आली आहे: जर्मन फौजेबरोबर युक्रेन सोडून गेलेला पंथ. ओळ खोटी नाही. पण तेवढीच वाचली तर हे लोक हिटलरच्या प्रेमापोटी निघाले असं वाटेल. मी बरीच वर्षं कॅनडात, विनिपेगला राहते. माझ्या शेजारच्या आजी सात वर्षांच्या असताना त्या लोंढ्यात होत्या, म्हणून हे पत्र.

मेनोनाइट म्हणजे जाणत्या वयात बाप्तिस्मा घेणारे आणि शस्त्र हाती न धरणारे ख्रिस्ती. सोळाव्या शतकात छळामुळे त्यांच्यातल्या अनेकांनी हॉलंड सोडलं. पुढे रशियाच्या राणी कॅथरीनने लष्करातून सूट देऊ केली, तेव्हा १७८९ मध्ये त्यांचे काही वंशज युक्रेनमध्ये नीपर नदीकाठी खोर्तित्सा इथे वसले. तिथे सव्वाशे वर्षं त्यांनी निवांत शेती केली. मग क्रांती, मख्नो या अराजकवादी बंडखोराच्या टोळ्या, १९२१-२२ चा दुष्काळ, सामूहिक शेतीची सक्ती, चर्चना कुलपं.

आजींच्या वडिलांना १९३८ मध्ये एका रात्री पोलिसांनी उचलून नेलं. गल्लीतल्या बहुतेक घरांतले पुरुष तसेच नेले गेले होते. ऑगस्ट १९४१ मध्ये जर्मन आले, चर्च उघडलं, तेव्हा आई आनंदाने रडली होती, हे आजी लपवत नाहीत. जवळच्या झापोरिझ्झ्या शहरातल्या ज्यूंची १९४२ मध्ये कत्तल झाली तेव्हा आपल्या पंथाची काही माणसं जर्मनांच्या पोलिसांत होती, हेही त्याच सांगतात. ते सांगताना त्या माझ्याकडे बघत नाहीत.

ऑक्टोबर १९४३ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांचा गाव सोडायचा हुकूम आला. आईने दोन रात्री जागून 'ट्वीबाक' भाजले. एकावर एक बसवलेले दोन छोटे पाव, लोणी घातलेले. ते भट्टीत पुन्हा सुकवले की आपल्या टोस्टसारखे कडक होतात आणि महिनोन्महिने टिकतात. उशीचे अभ्रे भरून ते घेतले आणि तीन मुलांसह आई मालगाडीत चढली. पोलंडमध्ये एक वर्ष काढलं. जानेवारी १९४५ मध्ये लाल सेना आली, तेव्हा तिथूनही बर्फातून पळाले.

अशा सुमारे ३५,००० मेनोनाइटांपैकी २३,००० जणांना सोव्हिएत अधिकाऱ्यांनी परत नेलं. दोस्त राष्ट्रांच्या याल्टा करारानुसार ते सोव्हिएत नागरिक ठरत होते आणि परत जाणं म्हणजे सायबेरिया किंवा कझाकस्तान. आजी वाचल्या, कारण त्यांची आई बर्लिनच्या अमेरिकी भागात पोचली आणि तिथे मेनोनाइट सेंट्रल कमिटी या मदतसंस्थेने हजारावर लोकांना आसरा दिला होता. जानेवारी १९४७ च्या शेवटी ते सगळे रात्रीच्या मालगाडीने जर्मनीचा सोव्हिएत ताब्यातला पट्टा ओलांडून ब्रेमरहाफन बंदरात आले. 'फोलेंडाम' जहाज १ फेब्रुवारीला सुटलं. त्या मालगाडीच्या डब्यात कोणी खोकलंही नाही, असं आजी सांगतात.

म्हातारे, आजारी, पुरुष नसलेली कुटुंबं, अशांना तेव्हा कॅनडा घेत नव्हता. पॅराग्वेने घेतलं. तिथे १९२१ च्या कायद्याने मेनोनाइटांना लष्करी सेवा माफ होती. पण तिथे यादवी पेटल्याने कित्येक महिने अर्जेंटिनात ब्यूनस आयर्समध्ये तंबूत काढावे लागले. मग पॅराग्वेतल्या चाको भागाचं काटेरी रान, खारं पाणी, टोळधाड. कुऱ्हाड धरून रान तोडायला बायकाच होत्या. ती जमीन मूळची एन्ल्हेत आणि निवाक्ले आदिवासींची. ज्यांची घरं गेली त्यांना दुसऱ्यांच्या भूमीवर घर मिळालं, हे दुखणंही त्या लेखात यायला हवं होतं.

१९५० च्या दशकात आजींचं कुटुंब विनिपेगला आलं. आईने पुन्हा लग्न केलं नाही, पण कुठल्याच अर्जावर स्वतःला विधवा म्हणूनही लिहिलं नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर दप्तरं खुली झाली आणि वडिलांचा कागद आला. नेलं त्याच वर्षी गोळी घातली होती. आई तो कागद वाचायला नव्हती.

आपण या लेखाचा पुढचा भाग छापणार आहात. त्यात ते फौजेबरोबर गेले हे जरूर राहू द्या. त्यांच्या घरांत तेव्हा बहुतेक बायका आणि मुलंच उरली होती, एवढं मात्र त्याला जोडून लिहा.

आपली नियमित वाचक,
विनिपेग, मॅनिटोबा (मूळची सांगलीची)