मनूला, कालच्या फोननंतर

मनू,

काल तू बोलत असतानाच मी फोन कट केला, ते चुकलं माझं. आणि त्याआधी जे बोललो, की "मग एवढी वर्षं कशाला घालवलीस", ते तर फारच चुकलं. आई रात्रभर माझ्याशी बोलली नाही. सकाळी म्हणाली, लिही तिला, पण हाताबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. बरं म्हटलं.

तर ऑर्केस्ट्राच्या व्हायोलिन ऑडिशनला तीन आठवडे राहिले ना. पहिल्या राउंडला मोझार्टचा कॉन्चेर्टो, मग ते एक्सर्प्ट्स, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या रचनांमधले निवडक तुकडे, रिचर्ड स्ट्राउसच्या 'डॉन जुआन'चं पहिलं पान वगैरे, मला आता पाठ झालंय सगळं. तू मागे सांगितलं होतंस की पडद्यामागे वाजवायचं असतं, नाव नाही, नुसता नंबर, आणि खाली गालिचा घालतात म्हणजे बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष तेसुद्धा कळू नये. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं होतं, की माझ्या पोरीचा फक्त सूर ऐकणार. पण काल रात्री पडल्या पडल्या डोक्यात आलं, की पडद्यामागे तुझ्या बोटांना मुंग्या आल्या तर तेही कोणाला दिसणार नाही.

आलाच बघ हात.

आता आलाय तर बोलूनच टाकतो. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतंय, कोपरापाशी नस दाबली जातेय, हे काही माझं म्हणणं नाही, तुझ्याच डॉक्टरांचं आहे. डावा कोपर तासन्‌तास दुमडलेला, त्यात 'जी' स्ट्रिंगवर, त्या सर्वांत जाड तारेवर, वरच्या पोझिशनला गेलीस की तो अजून आत घ्यावा लागतो. चार आठवडे बंद ठेवा म्हणाले ते. आणि तू म्हणतेस एवढी एक ऑडिशन होऊ दे, मग थांबते. हेच तू गेल्या रिसायटलच्या आधी म्हणाली होतीस, आठवतंय? नस म्हणजे तार नाही गं, तुटली तर नवीन घातली आणि सुरात लावली. दुर्लक्ष केलं तर बोटातली ताकदच जाते, मग ऑर्केस्ट्रात सीट मिळून तरी काय करणार आहेस, नानांचं काय झालं ते तू बघितलंयस… सॉरी. लेक्चर सुरू झालं माझं. नानांचं मधे आणायला नको होतं.

हल्ली मी त्या व्हायोलिनवादक मेनुहिनबद्दल बरंच वाचत बसतो. 1929 मध्ये बर्लिनला एकाच संध्याकाळी बाख, बीथोव्हेन आणि ब्राम्स, तिघांचे कॉन्चेर्टो, वय 12, हे सगळेच सांगतात. पण मोठेपणी त्याचं अंग दुखायला लागलं, लहानपणी जे आपोआप यायचं ते येईना आणि आपण वाजवतो म्हणजे नक्की काय करतो हे त्याला मुळापासून परत शोधावं लागलं, ते फारसं कोणी सांगत नाही. 1952 मध्ये तो भारतात आला तेव्हा त्याला अय्यंगार भेटले, योगासनं शिकवणारे. पुढे त्याने त्यांना घड्याळ दिलं, आणि त्यावर काय कोरून घेतलं माहितीये, की हे माझे सर्वांत चांगले व्हायोलिन शिक्षक! आणि तुझा तो वेंगेरोव, खांद्यामुळे काही वर्षं व्हायोलिन बाजूला ठेवलं, कंडक्टिंग केलं, 2011 मध्ये परत उभा राहिला. लोक विसरले का त्याला? तुझे तर चारच आठवडे आहेत.

तुझं पाव साइझचं व्हायोलिन अजून माळ्यावर आहे. परवा काढलं. हवा दमट झाली की त्याच्या खुंट्या अडकायच्या, कोरडी झाली की सुटायच्या, मग मी खडू लावून फिरवत बसायचो, तो सूर-काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा आणि 'ए' स्वर लावायचा, तू समोर उभी राहून "अजून थोडं वर बाबा" म्हणायचीस आणि दर वेळी तुझंच बरोबर असायचं. तुझी करंगळी तेव्हा तारेवर टिकायचीच नाही, मधल्या पेरातून आत मोडायची. ती गोल राहावी म्हणून मी खालून माझं बोट लावून धरायचो. तीच करंगळी ही.

आणि खरं सांगू का, काल मी चिडलो तो तुझ्यावर नाही. तू चौदा वर्षांची होतीस, परीक्षेला आठ दिवस होते, तू दारात उभी राहून म्हणालीस, बाबा आज हात दुखतोय. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, दोन तास पूर्ण कर, मग बघू. तू केलेस. रडली पण नाहीस. तुझ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा तू त्यांना काही नाही म्हणालीस आणि मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता, की पोरगी चिवट आहे. दुखत असताना वाजवत राहायचं हे तू कोणाकडून शिकलीस ते मला माहितीये म्हणून मी फोन कट केला.

गेल्या खेपेला आलीस तेव्हा डाव्या जबड्याखालचा तो व्हायोलिन टेकून पडलेला तपकिरी डाग अजून गडद झालेला दिसला. रात्री दार लावून बाखचं शाकॉन वाजवत होतीस, पंधरा मिनिटं एकटीच, मी पॅसेजमध्ये अंधारात उभा होतो. मधे तो मेजर स्केलचा भाग येतो ना, तिथे मला भिंतीला टेकावं लागलं. असं वाजवणारी माझ्या घरात जन्मली यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तुला हे कधी सांगितलं नाही, बहुतेक चुका तेवढ्या सांगितल्या.

ऑडिशन द्यायची की नाही ते तू ठरव. खरंच तू ठरव. पण निदान ठरवायच्या आधी डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचार, की तीन आठवडे असंच वाजवलं तर काय होईल, आणि ते जे म्हणतील ते मला जसंच्या तसं कळव, गाळू नकोस काही. रात्री झोपताना कोपर दुमडून उशीखाली घालतेस ती सवयही सोड, लहानपणापासूनची आहे.

रविवारी फोन करीन. उत्तर लिहिणार असशील तर उजव्या हाताने टाईप कर.

बाबा