आधी खर्च, मग अनुदान; मग तीन एकरवाल्याने काय करायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचा, म्हणजे ‘पोकरा’चा, दुसरा टप्पा राज्यातील सात हजारांहून अधिक गावांत राबवला जात आहे. हवामान बदलात शेती टिकावी हा या प्रकल्पाचा उद्देश असून त्याबद्दल दुमत नाही. माझी अडचण त्यातले अनुदान देण्याच्या पद्धतीची आहे. लातूर जिल्ह्यात माझी तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, आणि २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर असल्याने माझ्यासारखेच इथे बहुसंख्य आहेत.

ऑगस्ट २०२३ मध्ये ऐन फुलोऱ्यात पावसाने दडी मारली आणि सोयाबीनची फुले गळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये उलटे झाले: शेंगा भरल्यावर रानात पाणी साचून राहिले, आणि काही शेंगांतले दाणे झाडावरच उगवले. त्या वर्षी शेताच्या एका कडेला रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरलेली एक पट्टी होती. दर चार ओळींनंतर सरी असल्याने तिथले पाणी उताराने निघून गेले. पीक पिवळे पडले, पण हाती लागले. हीच सरी पावसाच्या खंडात पाणी मुरवते. इतका साधा उपाय मी सगळ्या रानात का केला नाही, असे कोणीही विचारील.

काळ्या जमिनीत पेरणीजोगा वाफसा जेमतेम दोन-तीन दिवस टिकतो. गावात असे वरंबे पाडून पेरणारे बीबीएफ यंत्र एकच, तेही ट्रॅक्टरवाल्याकडे, आणि तो आधी वीस एकरांचे रान उरकणार, हे व्यवहाराला धरूनच आहे. माझा नंबर लागेपर्यंत वाफसा गेलेला असतो. स्वतः यंत्र घ्यायचे, तर आधी पदरचे पैसे भरायचे आणि बिल जोडल्यावर अनुदान खात्यात येण्याची वाट पाहायची. माझ्या शेजाऱ्याने पूर्वसंमती मिळूनही ठिबकचा अर्ज सोडून दिला, कारण बी-खताची उधारी आधी फेडायची होती. शेततळ्याचेही तसेच. तीस बाय तीस मीटरचे तळे नऊ गुंठे खाते, बांध वेगळाच. पंधरा एकरवाल्याला ते जाणवत नाही. आमच्या घरी मात्र ती वर्षाची ज्वारी असते. बटईने कसणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको, कारण सातबाऱ्यावर नाव नसले की अर्जाचा पहिलाच रकाना अडतो.

म्हणून विनंती अशी की, दुसऱ्या टप्प्यात अल्पभूधारकांपुरते तरी अनुदान थेट विक्रेत्याला द्यावे आणि शेतकऱ्याकडून फक्त त्याचा हिस्सा घ्यावा. शेतकरी गटांना दिलेल्या अवजारांच्या भाड्याचा एकरी दर ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा, आणि पेरणीच्या नोंदवहीत पाच एकरांखालच्या रानांचा नंबर आधी लावावा. यासाठी नवा निधी लागत नाही. पुढच्या मृगाआधी हे झाले, तर एका पट्टीऐवजी तीनही एकर वरंब्यावर पेरण्याची माझी तयारी आहे.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी, ता. औसा, जि. लातूर